काडी आणि कड

बेसबॉलच्या जुन्या कार्डांच्या अमेरिकी संग्राहकांत एक प्रकार असा असतो, की त्याला कार्डावरचा खेळाडू कधी दिसतच नाही. दिसतात त्या फक्त कडा. कोणी नवी खरेदी कौतुकाने पुढे केली की बाकीचे अभिनंदन करतात. हा मात्र, दुसऱ्याच्या लग्नात दागिन्यांचे वजन डोळ्यांनीच करणाऱ्या आत्याबाईसारखा, मान तिरकी करून विचारतो, "कापलंय का?" काडी टाकून झाली की तो मागे सरकतो आणि पुढची हातघाई निवांत बघतो.

प्रश्न खोडसाळ असतो, पण बिनबुडाचा नसतो. कार्डाचा भाव कोपऱ्यांच्या टोकदारपणावर ठरत असल्याने झिजलेली कड पात्याने सरळ करणे, उडालेला रंग भरणे, सुरकुती दाबून घालवणे हे उद्योग जुनेच आहेत. सिगारेटच्या पाकिटांतून १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या मालिकेतल्या, बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या कार्डाचा दाखला तर याच्या जिभेवरच असतो. त्याची एक प्रत आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीने १९९१ मध्ये भागीदारीत ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतली. दर्जा ठरवणाऱ्या 'पीएसए' कंपनीने तिला दहापैकी आठ गुण देऊन प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केले. २००७ मध्ये ती २८ लाख डॉलरना विकली गेली आणि २०१३ मध्ये लिलावदार बिल मास्ट्रोने कोर्टात कबूल केले, की तिच्या कडा आपण कापल्या होत्या. तेव्हापासून या गृहस्थाच्या अंगात आले ते उतरलेलेच नाही.

भिंग, मोजपट्टी आणि अतिनील दिवा ही त्याची शस्त्रे. दिव्याखाली नव्या काळातला कागद बहुधा निळसर चमकतो, त्यामुळे नक्कल पकडता येते. कापलेली कड मात्र दिवा सांगत नाही. शिवाय जुन्या काळी कारखान्यातच कार्डे वेडीवाकडी कापली जात, म्हणून पट्टीवर थोडे कमी भरले म्हणजे लबाडी झालीच असे नाही. हे त्याला पक्के ठाऊक असते, फक्त सांगण्याची घाई नसते. पुरावा मागितला की ठरलेले उत्तर येते, "मी नुसतं विचारलं."

त्याच्या स्वतःच्या कपाटातली कार्डेही त्याच कंपनीच्या डब्यांत बंद असतात, जिला तो चारचौघांत आंधळी म्हणतो. त्यातली एखादी डबी फोडून पुन्हा मोजून बघू या, असे कोणी सुचवले तर तो घड्याळाकडे बघतो.