फ्लेक्स मशीनची निगा : ऑपरेटर बंधूंसाठी सुधारित सूचना

सॉल्व्हंट मशीनबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकात दिवसाचं काम संपल्यावर हेड साफ करण्याचा सल्ला असतो. तो लिहिणाऱ्याच्या गावात भाऊ, दादा आणि अण्णांचे वाढदिवस येत नसावेत. आपल्याकडे दिवसाचं काम रात्री अकराला सुरू होतं. म्हणून ही सुधारित आवृत्ती.

आधी तत्त्व समजून घ्यावं. शाईतलं सॉल्व्हंट उडून जातं, म्हणून फ्लेक्स लवकर वाळतो. तेच सॉल्व्हंट हेडच्या तोंडाशीही उडतं आणि मागे उरलेला रंग व राळ छिद्रात घट्ट बसते. कोनिकाच्या 512 हेडला नावाप्रमाणे 512 छिद्रं, एकेक केसाहून बारीक. त्यातली काही चोक झाली की प्रिंटवर लाईन येते. शुभेच्छुकांच्या चेहऱ्यावर आली तर चालतं, ते पन्नास असतात. भाऊंच्या गालावर आली तर चालत नाही.

अख्खा रंगच बसला तर मामला राजकीय होतो. पिवळा आणि मॅजेंटा मिळून भगवा होतो, पिवळा आणि सायन मिळून हिरवा. मॅजेंटा गेला की भगवा पिवळा पडतो, सायन गेला की हिरवाही पिवळाच. दोन्ही एका रात्रीत बसले तर गावातले तमाम कार्यकर्ते एकाच पिवळ्या झेंड्याखाली येतात, जे आजवर कुठल्याही आघाडीला जमलेलं नाही. असा माल जेजुरीच्या यात्रेत खपेल, चौकात नाही.

सबब रोज सकाळी, चहाच्याही आधी, टेस्ट प्रिंट काढून ट्यूबलाईटसमोर धरावी. बारीक रेघांच्या पायऱ्या दिसतात. जिथे पायरी नाही तिथलं छिद्र बंद. मग पर्ज मारावा. हेडखाली शाई लोंबू लागते, काळ्या थेंबात वरची ट्यूब वाकडी दिसते, शेजारचे थेंब एकमेकांत मिसळतात आणि जड होऊन ट्रेमध्ये पडतात. आता सोल्युशनमध्ये भिजवलेलं लिंट-फ्री कापड घेऊन एकाच दिशेने, न दाबता, न घासता पुसावं. कुणी कार्यकर्ता खुर्चीवर विसरून गेलेला गमछा म्हणजे लिंट-फ्री कापड नव्हे. त्याचा एक धागा हेडला चिकटला, तर कॅरेजबरोबर दहा फूट इकडून तिकडे फिरतो आणि भाऊंना नसलेल्या मिशा काढून देतो.

सोल्युशन संपलं म्हणून समोरच्या पेंटरकडून थिनर आणू नये. थिनर हेडमधला गोंद आणि सील खातो. (बोर्ड रंगवण्याचा त्याचा धंदा आपणच बसवला. थिनरची बाटली देताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते निव्वळ शेजारधर्माचं नव्हे.)

खोलीत एसी हवाच. तो मशीनसाठी आहे. एक्झॉस्ट आपल्यासाठी. वीजबिल पाहून मालक दोहोंपैकी कोणता बंद करेल, हे नवीन ऑपरेटरनेही ओळखावं, आणि डोकं दुखू लागलं की निमूटपणे बाहेर येऊन उभं राहावं.

आचारसंहिता लागली की धंदा झोपतो, मशीनला झोपू देऊ नये. चारही रंगांची एक पट्टी रोज मारावी. गिऱ्हाईक नसेल तर स्वतःचा वाढदिवस छापावा. शुभेच्छुक म्हणून शाईवाल्याचा फोटो टाकावा, मनापासून शुभेच्छा देणारा तो एकटाच.

दसऱ्याला मशीनची पूजा जरूर करावी. हळदकुंकू बॉडीला लावावं, हेडला नाही. उदबत्ती मात्र दाराबाहेरच ओवाळावी, सोल्युशनची वाफ पेट घेते आणि तिला सण कळत नाही.

एवढं करूनही हेड गेलाच, तर नव्या हेडच्या पैशांसाठी उधारीची वही उघडावी. त्यात भाऊंचे मागचे सगळे वाढदिवस तारीखवार सापडतील. वही सोल्युशनच्या कॅनपासून लांब ठेवावी. त्याने शाई फार पटकन पुसली जाते, आणि भाऊंची तेवढीच अपेक्षा असते.