उन्हाळी वाचनाचे यजमान

गुढीपाडव्याला काही घरांत गुढीबरोबर आणखी एक गोष्ट उभी राहते. ती म्हणजे उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी. यादी करणारे गृहस्थ बहुधा पन्नाशी ओलांडलेले असतात, चष्म्याचा नंबर नुकताच बदलून आणलेला असतो आणि बोलण्याची सुरुवात 'यंदा मात्र' अशी असते. सोयीसाठी आपण त्यांना अप्पा म्हणू. तुमच्याकडे ते नाना, भाऊ किंवा शेजारचे काका असतील.

अप्पांची यादी लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या पाठकोऱ्या बाजूवर असते. निळ्या शाईत पुस्तक, लाल शाईत लेखक आणि उजवीकडे 'वेळ' असा रकाना. ज्ञानेश्वरी, पहाटे पाच ते सहा. नेमाड्यांची 'हिंदू', दुपारी जेवणानंतर. दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र', संध्याकाळी गच्चीवर. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', मधल्या वेळात. अप्पांचा सगळा दिवस तसा मधल्या वेळातच जातो. पण तो रकान्यात मांडला की भरगच्च दिसतो.

यादीतली पुस्तकं वाचनालयातून आणणं अप्पांना मंजूर नाही. परत करायचं पुस्तक मागे लागल्यासारखं वाटतं, म्हणे. साडेतीन मुहूर्तांपैकी एक हाताशी असताना ते अप्पा बळवंत चौक गाठतात आणि तो आपल्याच नावावर असल्यासारखे वावरतात. तिथे जे सुटतं ते 23 एप्रिलला, जागतिक पुस्तक दिनाच्या सवलतीत घरी येतं.

मग सुरू होतो कव्हरं घालण्याचा कार्यक्रम. हा मात्र बघण्यासारखा. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून अप्पा मांडी ठोकतात. खाकी कागदावर पुस्तक उघडं ठेवून चारी बाजूंनी दोन-दोन बोटं कागद सोडतात, कण्याच्या वर-खाली कात्रीनं चीर देतात, तो तुकडा आत दुमडतात, नखानं घडी दाबतात आणि पुस्तक मिटून बघतात. कव्हर ताणलं गेलं तर उसवून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पहिल्या पानावर स्वतःचं नाव, तारीख आणि 'पुणे'. इतकं झाल्यावर लक्षात येतं की सगळी पुस्तकं बाहेरून सारखीच दिसतात. मग कण्यावर नावं घालण्यासाठी स्केचपेन आणायला चपला सरकवतात. एप्रिल असा हा हा म्हणता सरतो.

मे उजाडतो तो गणितानं. ज्ञानेश्वरीचे अध्याय 18, ओव्या सुमारे 9,000. भागिले 31. रोजच्या 290. पहिले दहा दिवस पहाटे जाग येत नाही. तरी अप्पा डगमगत नाहीत. राहिले दिवस 21, म्हणजे रोजच्या 430. भागाकार नीट सुटला की त्यांना निम्मं वाचून झाल्यासारखं वाटतं. आणि एके दिवशी त्यांना साक्षात्कार होतो. सप्ताहात वारकरी सात दिवसांत पारायण करतातच की! मग 25 तारखेच्या आत घाई कसली? 25 तारखेला नेमकं साडूच्या मुलाचं लग्न निघतं. सप्ताह मोडला असं मात्र त्यांना म्हणू नका. सुरूच झाला नव्हता, तो मोडेल कसा?

'ऋतुचक्रा'ची गंमत निराळी. बारा महिन्यांवर बारा लेख. ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा, असा अप्पांचा नेम. त्यामुळे पाडव्याला चैत्र वाचून होतो, मनापासून वाचून होतो. वैशाखात आंब्याच्या पेट्या येतात, पाहुणे येतात, रात्री आयपीएलचे सामने असतात, त्यातून वीज जाते. पुढच्या पाडव्याला मधूनच सुरुवात नको म्हणून पुन्हा चैत्र. अप्पा आता चैत्राचे जाणकार झाले आहेत. चैत्रपालवीवर ते अर्धा तास बोलतात. आषाढाचा विषय निघाला की उठून पंख्याचा वेग वाढवतात. ज्या वर्षी अधिक महिना येतो त्या वर्षी तर विचारायलाच नको. "बाईंचे लेख बारा आणि यंदा महिने तेरा. कुठला कशाला लावायचा?" असा बिनतोड मुद्दा काढून ते पुस्तक आदरानं मिटतात.

'हिंदू' 2010 साली आली तेव्हापासून यादीत आहे. सहाशेच्या घरातली पानं. जेवण झालं की अप्पा ती छातीवर उभी धरतात. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत नजर खाली येते, तिसऱ्यात पुस्तक खाली येतं आणि घोरणं सुरू झालं की काकू ते हळूच उचलतात. ऊन वर आलेलं असतं, गच्चीवर कुरडया घातलेल्या असतात आणि वाऱ्यानं प्लॅस्टिकच्या कागदाचा एक कोपरा उडत असतो. बाकीच्या तीन कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता आणि इस्त्री आधीच रुजू झालेली असते. काकूंनी कादंबरी वाचलेली नाही, पण तिच्या उपशीर्षकातला शेवटचा शब्द त्यांना पूर्ण पटलेला आहे.

तरीही अप्पांना अडाणी समजण्याची चूक करू नये. पुस्तकाबद्दलची सगळी माहिती त्यांना असते, फक्त पुस्तक सोडून. 'रणांगण' म्हणताच ते सांगतील की ते 1939 सालचं, युद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवर घडतं, नायक चक्रधर, नायिका हेर्टा, आणि बेडेकरांनी आयुष्यात कादंबरी लिहिली ती एवढीच. मलपृष्ठ, प्रस्तावना आणि रविवारची पुरवणी यांवर इतकी भक्कम इमारत उभी राहू शकते, हे अप्पांना ऐकल्याशिवाय पटत नाही. खरोखर वाचलेला माणूस त्यांच्यापुढे चाचरतो, कारण त्याला पुस्तक आठवावं लागतं. अप्पांच्या वाटेत ती अडचणच नाही.

आता कुणी म्हणेल, मग या माणसाचा उपयोग काय? तर तो असा. दहावीची परीक्षा देऊन अप्पांची भाची सुट्टीला येते. मोबाइलवर किती वेळ घालवायचा याची तिच्या आईनं हद्द घालून दिलेली. दुपारी करायचं काय? समोर खाकी कव्हरांची रांग. ती 'बनगरवाडी' ओढते आणि संध्याकाळपर्यंत संपवते. दुसऱ्या दिवशी 'स्मृतिचित्रे' उघडते, लक्ष्मीबाई टिळकांच्या कुठल्याशा प्रसंगावर एकटीच खिदळते, तेव्हा स्वयंपाकघरातून काकू विचारतात, "काय गं, मलाही सांग." रात्री जेवताना ती मोठ्यानं वाचते, काकू पोळ्या लाटता लाटता ऐकतात, शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला येतात त्या उंबऱ्यातच टेकतात. आठवडाभरात पुस्तकं बिल्डिंगमधून फिरू लागतात. एकावर हळदीचं बोट उमटतं, एकात एसटीचं तिकीट खुणेला राहतं.

आणि अप्पा? ते रोज रात्री पाकीट काढतात आणि एकेका नावापुढे लाल शाईत बरोबरची खूण करतात. "घरात वाचून झालं," म्हणतात. पूजेत तरी वेगळं काय असतं? सामान यजमान आणतो, संकल्प तो सोडतो, मंत्र सगळे गुरुजी म्हणतात आणि यजमान जागच्या जागी 'मम' म्हणून पुण्याचा धनी होतो. मराठी पुस्तकांच्या बाबतीत असे यजमान मोजायला गेलं तर पुष्कळ निघतील, आणि ते निघाले नाहीत तर प्रकाशकांनी दुकानाला कुलूप लावावं. वाचणाऱ्याला आपल्याला काय वाचायचंय हे पुष्कळदा ठाऊकच नसतं. ते ठरवून, विकत आणून, कव्हर घालून हाताच्या अंतरावर ठेवणारं कुणीतरी घरात असावं लागतं.

परवा भाची 'रणांगण' संपवून बाहेर आली. डोळे लाल. अप्पांनी पेन हातात घेतलं.

"मामा, शेवटी काय झालं माहितीये..."

अप्पांनी खूण केली, टोपण लावलं आणि तिला हातानंच थांबवलं.

"शेवट सांगू नकोस हं. वाचायचंय मला."