पन्नास माणसांची जागा

तपकीर गल्लीत उभा होतो. हातात भाड्याचा प्रोजेक्टर, खांद्यावर केबलचं वेटोळं. दुकानदाराने विचारलं, "कुठला पिक्चर लावताय?" म्हटलं, माहितीपटकार आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड'. तो जरा थांबला आणि म्हणाला, "हॉल दिला तुम्हाला?"

नव्हता दिला. इथल्याच बुधवार पेठेतल्या एका हॉलचे पैसे भरले होते. आदल्या संध्याकाळी फोन आला, नस्ती भानगड नको, पैसे परत घेऊन जा. कुणी धमकी दिली का? नाही. पोलीस आले होते? नाही. मग? "उद्या काही झालं तर?"

या 'उद्या काही झालं तर'चा मला मनापासून राग येतो.

उघड बंदी निदान दिसते तरी. इराणचे दिग्दर्शक जाफर पनाही यांना २०१० मध्ये सहा वर्षांची कैद आणि वीस वर्षं सिनेमा न करण्याची शिक्षा सुनावली गेली. घरात अडकलेल्या त्या माणसाने स्वतःवरच कॅमेरा रोखला, 'धिस इज नॉट अ फिल्म' केली. छळ झालेल्या दिग्दर्शकाचं ते चित्रण जगाने पाहिलं. पटवर्धनांना अशी शिक्षा कुणी सुनावलेली नाही. उलट निकाल त्यांच्या बाजूने लागलेत. 'जंग और अमन'ला सेन्सॉरने २१ ठिकाणी कात्री लावायला सांगितली. २००३ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती एकाही कटाशिवाय मोकळी केली. 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' १९९५ची. दूरदर्शन ती दाखवेना. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २५ ऑगस्ट २००६ला आदेश झाला, आठ आठवड्यांत दाखवा. अकरा वर्षं! बेडी न घालता माणसाला कसं थकवायचं, ते या तारखांत दिसतं. पटवर्धन थकले नाहीत, हा त्यांचा पिंड. आणीबाणीत 'क्रांती की तरंगें'चे तुकडे करून ते देशाबाहेर धाडावे लागले होते. कॅनडात त्यांनी ते पुन्हा जोडले.

'जय भीम कॉम्रेड' सुरू होते ती एका मित्राच्या मरणापासून. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी कपाळाला निळी पट्टी बांधून गळफास घेतला. पटवर्धनांच्या 'हमारा शहर'मध्ये घोगरे गायले होते. त्या मरणानंतर हातात घेतलेला कॅमेरा पटवर्धनांनी १४ वर्षं खाली ठेवला नाही. म्हणून ही फिल्म तीन तासांहून लांब आहे, आणि मला तिच्यातलं एक मिनिटही कमी करावंसं वाटत नाही. तिच्यात आपल्या पुण्याच्या कबीर कला मंचाची पोरं गातात. शीतल साठेचा आवाज एकदा ऐकलात की कानातून जात नाही.

हीच फिल्म २१ ऑगस्ट २०१३ला पुण्यात दाखवली गेली होती. आदल्याच सकाळी ओंकारेश्वरापाशी, बुधवार चौकातून चालत पंधरा मिनिटांवर, अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या होत्या. फिल्म इन्स्टिट्यूटच्या मुलांनी त्यांच्या आठवणीत कार्यक्रम ठेवला. तो संपल्यावर मुलांना मारहाण झाली.

हॉलवाल्याची भीती खोटी नाही, हे मला कळतं. पण मार त्या मुलांनी खाल्ला आणि दार आपण लावून घेतलं. सेन्सॉरला कोर्टात खेचता येतं. 'नस्ती भानगड नको'वर कुठे दाद मागायची?

शेवटी एका मित्राच्या वाड्यातली माडी मिळाली. भिंतीवर चादर, खाली सतरंज्या. बावीस माणसं आली. दुकान बंद करून प्रोजेक्टरवालाही आला. दाराशी उभा राहिला, मग बसला, आणि संपेपर्यंत उठला नाही. घोगरेंच्या गाण्याला एका आजींनी पदर डोळ्याला लावला.

पुढच्या महिन्यात 'राम के नाम' लावायची आहे. तिला सेन्सॉरचं 'यू' प्रमाणपत्र आहे, राष्ट्रीय पुरस्कार आहे, आणि हायकोर्टाच्या आदेशाने ती दूरदर्शनवरही दाखवली गेली आहे. माडी आता पुरणार नाही. बुधवार पेठेत पन्नास माणसं बसतील अशी जागा कुणाकडे असेल तर द्या. भाडं आम्ही आगाऊ भरू.