यंदा कुणाचा फड?

मार्गशीर्ष लागला की लोह्यात माझा भाव वाढतो. एरवी मी टपरीवर गेलो तर मामा पानाला चुना लावताना मानसुद्धा वर करत नाहीत. पण माळेगावची यात्रा तोंडावर आली की तेच मामा स्टूल पुसून देतात आणि विचारतात, ‘‘मग सर, यंदा कुणाकुणाचे फड येलालेत?’’ मी लगेच सांगत नाही. जाणकारानं लगेच सांगू नये. आधी पान जमवून घ्यावं, रस्त्याकडं बघावं, एखादा ट्रक जाऊ द्यावा आणि मग म्हणावं, ‘‘हालचाल तर दिसलाली.’’ या वाक्यात माहिती शून्य असते. पण ते म्हणताना माझा चेहरा असा काही होतो की पानाचे पैसे दुसराच कुणीतरी देतो.

माझी पद्धत शास्त्रशुद्ध आहे. मी कधीही एक नाव सांगत नाही. ‘‘खेडकर येतील, नाहीतर बनसोडे; आणि एखादा नवा फड घुसायचाही संभव आहे.’’ यातला ‘एखादा नवा’ माझा हुकमाचा एक्का. तो दरसाल खरा ठरतो. बायकोचं मत मात्र निराळं आहे. ‘‘गॅसचं सिलिंडर कधी येणार ते तुम्हाला सांगता येईना, आन् तमाशा कधी येणार ते गावाला सांगत बसलाव.’’ मी तिला समजावलं की सिलिंडरला सुगावे नसतात, फडाला असतात. त्यावर तिनं रिकामं सिलिंडर माझ्या पुढ्यात आणून ठेवलं.

तर सुगावे. पहिला, रस्ता. माळेगावला यायला वाटा तीन. अहमदपूरकडून ट्रक आले तर ते लोह्याला न येता परस्पर यात्रेत शिरतात आणि आम्ही बेसावध सापडतो. नांदेडकडून किंवा पालमच्या रस्त्यानं आले तर मात्र माझ्या तावडीतून सुटत नाहीत, कारण त्या वाटेवर माझे आठवीतले विद्यार्थी राहतात. गणिताचा गृहपाठ त्यांना आठवत नाही, पण सकाळी वर्गात शिरायच्या आधी बातमी हजर असते : ‘‘सर, रात्री तीन ट्रक गेले, एकात पलंग व्हते.’’ पलंग हा महत्त्वाचा पुरावा. आकाशपाळण्याच्या ट्रकात नुसतं लोखंड असतं, ‘मौत का कुआँ’वाल्यांच्या ट्रकात फळ्या. पलंग, लोखंडी पेट्या, कनातीच्या वळकट्या, जनरेटर आणि वर दोरीला बांधलेली पातेली दिसली की फड. प्रश्न एवढाच उरतो, की कुणाचा?

एकदा एका ढाब्यावर असाच ट्रक उभा होता. नावाच्या बोर्डावर ताडपत्री टाकलेली. वाऱ्यानं तिचं एक टोक उडालं आणि मला दोन गोष्टी दिसल्या : रंगवलेला एक पाय, घुंगरासकट, आणि नावाची शेवटची दोन अक्षरं, ‘कर’. मी धावत टपरीवर आलो, ‘‘सापडलं! नाव ‘कर’नं संपतंय.’’ मामांनी कात घोटता घोटता शांतपणे यादी सुरू केली. नारायणगावकर, सातारकर, खेडकर, नगरकर, पुणेकर, कवलापूरकर... तमाशाच्या दुनियेत ‘कर’नं न संपणारं नाव शोधायचं तर बनसोडे नाहीतर इनामदारांपाशीच जावं लागतं. एवढा ठोस पुरावा आणि एवढा निरुपयोगी, असा दुसरा मी पाहिलेला नाही.

दुसरा सुगावा पोस्टर. पूर्वी खळीनं चिकटवलेली पोस्टरं रातोरात खांबावर यायची आणि सकाळपर्यंत त्यांचा खालचा अर्धा भाग शेळीनं खाल्लेला असायचा. आता शेळीचं काम आयोजकच करतात. मोबाईलच्या स्टेटसवर काळी सावली, नऊवारीचा घोळ, खाली ‘येतंय कोण? ओळखा पाहू!’ नऊवारी नेसलेल्या बाईची सावली महाराष्ट्रात कुणाचीही असू शकते. तरी आमच्याकडची पोरं ती सावली बोटांनी मोठी करकरून अंबाड्याचा आकार मोजतात. मीही मोजतो, पण खोलीचं दार लावून.

पश्चिम महाराष्ट्राचं बरं आहे. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथं जातात, राहुटीत बसतात, चहा पितात, आपल्या जत्रेची सुपारी ठरवतात आणि घरी येतात. ओळखायचं काय, जाऊन विचारायचं. आम्ही मराठवाड्याची माणसं. अनुशेष इथंही आहेच. आमच्या वाट्याला अंदाज.

हे सगळं मी माझंच खास कर्तृत्व समजत होतो. मग पुण्यात नोकरीला असलेला भाचा दिवाळीला आला आणि त्यानं मला एकदम जागतिक पातळीवर नेऊन बसवलं. म्हणाला, ‘‘मामा, इंग्लंडात ग्लॅस्टनबरी म्हणून यात्रा भरती. तिथं पण असंच चालतं.’’ त्या लोकांची श्रद्धा आमच्याहून दांडगी. कोण गाणार हे कळायच्या आधीच तिकिटं तासाभराच्या आत संपतात. आणि मग सगळे मिळून सुगावे शोधत बसतात. २०२३ साली तिथं यादीत ‘चर्नअप्स’ असं कधी न ऐकलेलं नाव होतं. फू फायटर्स नावाच्या मोठ्या बँडच्या गायकानं चाहत्यांना लिहिलेल्या पत्रात ‘भावना घुसळल्या जातायत’ अशा अर्थाचा शब्द वापरला होता. लोकांनी तेवढ्यावरून ताडलं, आणि खरोखर मंचावर तेच आले. ज्या घरात रोज रवी फिरते तिथल्या पोराला हे ओळखायला कितीसा वेळ लागला असता? २०२५ साली यादीत ‘पॅचवर्क’ होतं. पॅचवर्क म्हणजे गोधडी. निघाले कोण, तर ‘पल्प’, म्हणजे गर. गोधडीतून आंब्याचा गर निघतो हे मात्र मला माळेगावात बसून ओळखता आलं नसतं, हे मोठ्या मनानं मान्य करतो.

भाच्याला मी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचं विचारलं. तो म्हणाला, तिथं यादी येईपर्यंत पुणेकर आपापल्या याद्या करतात आणि खरी यादी आली की तिच्यातल्या चुका काढतात. १९५३ पासून हा महोत्सव चालतो. पण शेवटी कोण गाणार, हे कोडं तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं नव्हतंच. भीमसेनजी होते. पुढं प्रभाताई अत्रे आल्या. असा ठरलेला शेवट असला की माणूस निवांत झोपतो. आमच्याकडं पहाटे वग संपेपर्यंत शेवट काय ते फडमालकालाही ठाऊक नसतं.

आता सुगाव्यांचं निघालंच आहे तर मला बैलबाजाराचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. याचा तमाशाशी संबंध नाही, हे मला माहीत आहे. पण माळेगावला येऊन नुसता तमाशा बघून परत जाणारा माणूस मला अर्धवट वाटतो. यात्रेत गाढवांचा बाजार आहे, घोड्यांचा आहे, पण माझा जीव अडकलाय तो लाल कंधारीच्या सौद्यात. तांबडं लाल अंग, काळेभोर डोळे; आमच्या कंधार-लोह्याची जात. एक गोऱ्हा उभा, त्याच्या पलीकडं विकणारा, अलीकडं घेणारा आणि मधे दलाल. कुणी किंमत बोलत नाही. दलाल खांद्यावरचा रुमाल काढतो, दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो आणि वरून रुमाल टाकतो. मग रुमालाखाली बोटं बोलतात. दोन बोटं धरली, सोडली, पुन्हा तीन धरली, एक अर्ध्या पेरावर दाबलं. वर दोघांचे चेहरे बघावेत! एकजण आभाळाकडं बघतोय, दुसरा दूर चहाच्या गाड्याकडं. जगात काही घडतच नाहीये. दलाल मधूनच रुमालाखाली हात घालून कुणाचं तरी बोट सरळ करतो. शंभर का हजार, ते ज्याचं त्याला ठाऊक. मग एकजण एकदम हात झटकतो, ‘‘न्हाई जमत,’’ चार पावलं जातो, पाचव्या पावलाला दलाल त्याला दंडाला धरून परत आणतो, पुन्हा रुमाल. मी तासन् तास बघत उभा राहिलोय. रुमालाच्या सुरकुत्या वाचल्यात. मनगटाच्या शिरा वाचल्यात. एका म्हाताऱ्यानं मला शेवटी विचारलं, ‘‘घ्यायचाय का गोऱ्हा?’’ नाही म्हणालो. ‘‘मग कामून सावली धरून उभा राहिलास?’’ मी म्हणालो, मी शिक्षक आहे, अभ्यास करतोय. त्यानं दलालाकडं बघितलं, दलालानं त्याच्याकडं, आणि त्यांनी मला पाठमोरं करून सौदा पुरा केला. ज्या बाजारात खेचराचेसुद्धा दात उघडून बघतात, तिथं माणसाचा आकडा मात्र अखेरपर्यंत झाकलेला राहतो. ग्लॅस्टनबरीवाल्यांनी एकदा इकडं येऊन जावं.

असो. फडाकडं वळू.

एका यात्रेत रात्री तमाशा बघितला आणि सकाळी, अभ्यास अपुरा राहिला म्हणून, मी तंबूच्या मागच्या बाजूला गेलो. तंबूच्या ताणाच्या दोरांवर नऊवाऱ्या वाळत घातल्या होत्या. रात्री ज्या बाईच्या अदाकारीला शिट्ट्या पडल्या, ती तीन दगडांच्या चुलीवर तव्यावर पिठलं हाटत होती आणि मांडीवरच्या पोराला थंडी लागू नये म्हणून त्याच्यावर रात्रीचाच शालू टाकलेला. जरा पलीकडं एक म्हातारा तुराट्यांचा जाळ करून हलगी शेकत बसला होता. चामडं तापलं की बोटानं टिचकी मारायचा, कान लावायचा, पुन्हा धरायचा. मी सवयीनं विचारलं, ‘‘बाबा, पुढचा मुक्काम कुठं?’’

‘‘काय की,’’ तो म्हणाला. ‘‘मॅनेजरला ठाव. आम्हाला गाडी सुरू झाल्यावर कळतंय.’’

मला हसू यायला हवं होतं. अख्ख्या तालुक्यात ज्या माहितीसाठी मी भाव खातो, ती खुद्द फडातल्या माणसाला नव्हती. हसू आलं नाही. मी त्याला विचारलं, बोर्डावर तुमचं नाव कुठं असतं? तो म्हणाला, ‘‘आमचं कशाला? मालकाचं असतंय.’’ आणि हलगी पुन्हा जाळावर धरली.

मोठ्या फडात शंभराच्या पुढं माणसं असतात. त्यातल्या दोघातिघांची नावं ओळखण्यात आमची सगळी अक्कल खर्च होते. ढोलकीवाला कोण, मावशीचं काम कोण करतं, तंबूचे खुंटे कोण ठोकतं, यावर मी आजवर कुणाला पैज लावताना बघितलेलं नाही. आणि बोर्डावर नाव आलेल्यांचं तरी काय? विठाबाई नारायणगावकरांना १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला. चालू खेळात कळा सुरू झाल्या तर त्या पडद्यामागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि उरलेला खेळ करायला पुन्हा उभ्या राहिल्या, असं सांगतात. हा किस्सा आम्ही टपरीवर फार रंगवून सांगतो, ‘‘काय कलावंत!’’ म्हणतो. त्याच बाईला उतारवयात औषधपाण्याची ददात पडली, हे सांगताना मात्र कुणाला तरी काम आठवतं. २००२ साली त्या गेल्या. आता त्यांच्या नावानं राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार आहे.

कोरोनात जत्रा बंद पडल्या तेव्हा फडांचं काय झालं, ते सगळ्यांनी वाचलं. कलाकारांनी मालकाकडून उचल घेतलेली, मालकानं सावकाराकडून घेतलेली, आणि तंबू गोडाऊनला. त्या मार्गशीर्षात टपरीवर मला कुणी काही विचारलं नाही. स्टूलही नाही. मी म्हणालो, असू दे, तेवढाच पानाचा खर्च वाचला. पण रात्री हायवेवर ट्रक वाजला की कान जायचा. पोरं विचारायची, ‘‘सर, पलंग दिसले का?’’ शाळाही बंदच होती; मोबाईलवर विचारायची. गणिताचा तास चालू ठेवून मी उत्तर टाळायचो.

आता पुन्हा ट्रक येतात. नवी पोरं सावल्या मोजतात, एखादी डान्सर येणार म्हणून रात्रीतून बातमी फुटते, मंडप मोडेस्तोवर गर्दी होते. होऊ दे. गर्दीवर माझा राग नाही. राग एवढाच आहे की तीच गर्दी शेजारच्या तंबूत गण-गवळण सुरू झाली की ‘‘डायरेक्ट गाणं लावा’’ म्हणून ओरडते. बतावणीतला सोंगाड्या जीव तोडून बोलत असतो आणि समोर सगळे मोबाईल वर धरून, पुढं कोण येणार याचा अंदाज बांधत बसलेले. माझाच वाण लागलाय म्हणायचं.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते. यंदा खेडकर येतील, नाहीतर बनसोडे, आणि एखादा नवाही. कुणीही आलं तरी तंबूतला खेळ तिकिटावर चालतो, तेव्हा तिकीट काढूनच आत या. कनातीखालून शिरणाऱ्यांत आमच्या आठवीतली काही पोरं आणि माझे दोन मेहुणे असतात. हे त्यांनाही सांगतोय.