पहिल्या बाकावरचे काका

नगरच्या कुठल्याही मराठी मंडळीत जा, हे काका तिथं भेटतातच. पांढरा शर्ट, बगलेत चेनवालं पवित्र शास्त्र. दारातून ‘सलाम!’ ठोकत येतात आणि पहिल्या बाकावर, पंख्याखाली बसतात. पंखा वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला, पात्यांवर वडिलांचं नाव. पंखा लावला की वडील दिसेनासे होतात, त्यामुळे हिवाळ्यात काका विशेष प्रसन्न असतात.

पणजोबांचा बाप्तिस्मा अमेरिकन मराठी मिशनच्या गोऱ्या साहेबाच्या हातून झाला, हे ते पहिल्या भेटीत सांगतात. दुसऱ्या भेटीतही सांगतात. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरहून निघाला, हे सांगताना तर पहिल्या अंकाचा कागद यांच्याच घरून गेला असावा, असं वाटतं. ‘उपासना संगीता’तली गाणी नंबरासकट पाठ. उभं कधी राहायचं, डोळे कधी मिटायचे, यात आजवर चूक नाही.

एकदा बाहेरगावचे एक तरुण प्रचारक आले. त्यांनी काकांनाच गाठलं. ‘काका, तुमचं तारण झालंय का?’

‘झालंय की! एकाहत्तर साली. पाळकसाहेबांच्या कपाटात रजिस्टर आहे, बघून घ्या.’

प्रचारकांनी नव्या जन्माचा विषय काढला. काकांनी जन्मदाखल्याची झेरॉक्स कुठं मिळेल ते सांगितलं.

घरी बैठकीत दोन तसबिरी आहेत: पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळक. दोघंही ‘आपले’. मी एकदा म्हटलं, ‘काका, बाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा, इंग्लंडातला. पण त्यांनीच लिहून ठेवलंय, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता, हे पुढं आठ वर्षांनी कळलं.’ काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘बाईंचं वाचन फार. त्यानं होतं असं.’

टिळकांचं प्रकरण त्याहून अवघड. त्यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. काकांना हे अजून पचलेलं नाही. ‘मग रजिस्टर कशाला ठेवायचं?’ असं ते तसबिरीकडे बघूनच विचारतात.

सख्ख्या धाकट्या भावाशी मात्र बोलणं बंद. मधल्या भिंतीवरून कोर्टात गेलेत. प्रभुभोजनाला दोघं एकाच रांगेत गुडघे टेकतात, मध्ये तिसरा माणूस राहील अशा बेतानं. तो तिसरा बहुधा मी असतो. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये, असं प्रभूनं डोंगरावर सांगितलंय. पाळकसाहेबांनी एका रविवारी नेमका हाच भाग घेतला. मंडळी माना खाली घालून बसली. काकांची मान ताठ. पुढच्या रविवारपासून त्यांनी दानार्पण मोबाइलवरून पाठवायला सुरुवात केली. वेदीपाशी जायचाच प्रश्न मिटला.

याकोबाच्या पत्रात एक झोंबरी गोष्ट आहे: देव एकच आहे असा विश्वास भुतंही धरतात, वर थरथर कापतात. काकांचा पूर्वार्ध पक्का आहे. कापण्याची वेळ आलीच तर ते पंखा एकवर आणायला सांगतात.

माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. मयत कुणाकडेही असो, पेटी आणि दफनभूमीची पावती काका आधी बघतात. नाताळात करंज्यांचा डबा आमच्याकडे न चुकता येतो. पण पहिल्या बाकावर इतकी वर्षं बसूनही ख्रिस्त आपल्याशी काही बोलत असेल, ही शंका त्यांना शिवलेली नाही. जे बोलतो ते मागच्या बाकांना. समेटाच्या त्या उपदेशानंतरही त्यांनी दारात पाळकसाहेबांचा हात दाबून सांगितलं होतं, ‘झकास झालं. धाकट्याला अगदी लागू पडत होतं.’

नास्तिक माणूस मला यांच्यापेक्षा सोपा वाटतो. त्याच्याशी निदान वाद घालता येतो. काका प्रत्येक वाक्याला ‘आमेन’ म्हणतात.