चासी तीच, बॉडी नवी

भंगारवाल्यानं आमच्या वरच्या मजल्यावर जाणं केव्हाच सोडून दिलंय. तिथं नाना राहतात. मागे एकदा तो रद्दी न्यायला गेला, तर नानांनी रद्दी दिली नाहीच, उलट त्याच्याच हातगाडीवरचा टेबलफॅन उचलून आणला. तो फॅन आता त्यांच्या गॅलरीत फिरतो. मान हलवत नाही एवढंच.

नाना दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. तिथं चासीवर बॉडी चढवतात. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूचे ते दोनच भाग करतात. लग्नात नवरामुलगा दाखवला तरी "चासी बरी आहे" एवढंच म्हणतात आणि पंगतीला बसतात.

गेल्या दिवाळीत पुतण्यानं टाकायला काढलेला एक चिमुकला लॅपटॉप नानांनी भाजीच्या पिशवीतून घरी आणला. असूसचा ई-पीसी, 2009 सालचा. तेव्हा त्याला नेटबुक म्हणायचे. दहा इंची पडदा, अ‍ॅटम प्रोसेसर, एक जीबी रॅम आणि आत विंडोज एक्सपी, जिच्याकडं बघायचं मायक्रोसॉफ्टनं 2014 च्या एप्रिलमध्येच सोडलं होतं. तो सुरू होईपर्यंत नानींच्या कुकरच्या दोन शिट्ट्या होत. मी म्हटलं, "नाना, ह्याचं आता काही होणार नाही." हे वाक्य नानांपुढं बोलू नये, हे अकरा वर्षांच्या शेजारानंतरही माझ्या लक्षात राहत नाही.

"अरे, इंजिन चालू आहे. बॉडी बदलू."

बॉडी म्हणजे अँड्रॉइड. फोनमधलंच, पण लॅपटॉपवर. फोनचे प्रोसेसर बहुतेक एआरएम जातीचे, हा लॅपटॉप इंटेलच्या घराण्यातला. पण 2009 मध्ये सुरू झालेल्या अँड्रॉइड-एक्स86 नावाच्या प्रकल्पानं अँड्रॉइडला या परक्या घरात नांदवायची खटपट केली, आणि त्यात पुढाकार चि-वे ह्वांग या तैवानच्या गृहस्थांचा. असूससुद्धा तैवानचीच. हे कळल्यावर नानांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे सून माहेरच्याच गावातली म्हण की!"

सगळी कृती त्यांनी एका जुन्या डायरीत उतरवून घेतली. पेनड्राइव्हवर अँड्रॉइड चढवायचं, लॅपटॉप सुरू होताच एस्केपचं बटण दाबून त्याला पेनड्राइव्हकडं वळवायचं. नवी आवृत्ती एक जीबीत धापा टाकेल म्हणून 4.4 निवडली. डिस्कला हात न लावता नुसतं चालवून बघायचीही सोय असते. नानांनी ती 'ट्रायल' तीन दिवस घेतली. तीनही दिवस चष्मा कपाळावर, पेन कानावर, आणि नानींना हुकूम: "मिक्सर लावू नकोस, गाडी रोडवर आहे."

चौथ्या दिवशी निळ्या पडद्यावर प्रश्न सुरू झाले. अशा जागी आपण वाचत नाही, 'हो' म्हणत सुटतो. नाना प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचतात, त्याचं मराठी करतात आणि मग त्यावर चर्चा ठेवतात. डिस्क फॉरमॅट करायची का, यातला सगळा मजकूर जाईल, इथं गाडी थांबली.

"अगं, यात काय काय आहे?"

"मला काय विचारता? तुमच्या पुतण्याचं आहे ना!"

शोधलं, तर पुतण्याच्या मुंजीचे चारशे फोटो निघाले. त्यातल्या एकात नानी हिरवी पैठणी नेसून हसताहेत. ते वाचवायला हवेत. पण घरात पेनड्राइव्ह एकच, आणि त्यावर अँड्रॉइड बसलेलं. फोटो काढून ठेवायचे तर अँड्रॉइड उठवायला हवं, अँड्रॉइड बसवायचं तर फोटो उठवायला हवेत. नाना यावर दोन दिवस विचार करत बसले. दुसरा पेनड्राइव्ह विकत आणणं हा उपाय त्यांच्या डोक्यात आला नाही असं नव्हे, पण तो हरल्यासारखा झाला असता. शेवटी माझा नेला. तो अजून परत आलेला नाही.

आणि बसलं हो! पडद्यावर फोनसारखी चित्रं आली. कोपऱ्यात 'सिम कार्ड नाही' अशी तक्रारही आली. बऱ्याच अ‍ॅपनी 'तुमचा फोन फार जुना आहे' म्हणून तोंड फिरवलं. एक मराठी पंचांग तेवढं चाललं. पण ते अ‍ॅप उभ्या फोनसाठी केलेलं. उघडताच सगळा पडदा आडवा पडला. तिथी भिंतीकडं, वार जमिनीकडं. एफ-बारा दोनदा दाबलं की पडदा फिरतो असं डायरीत होतं. नानांनी दाबलं. फिरला, पण नको तिकडं. आता चतुर्थी डोक्यावर उभी. मग नानांनी स्वतःच निर्णय घेतला, पडदा परत आधीसारखा आडवा केला आणि लॅपटॉप कुशीवर उभा केला, उघड्या वहीसारखा. मागं गव्हाच्या डब्याचा टेकू दिला. एकादशी सरळ झाली.

आणखी एक खोड आहे. पडदा एकदा झोपला की उठत नाही. शिवाय बॅटरी कधीच संपलेली, तेव्हा वायर काढायची नाही, झाकण मिटायचं नाही. रात्री त्या उजेडानं झोप येईना, म्हणून नानी त्याच्यावर आपला जुना ब्लाउजपीस टाकतात, पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसा. सकाळी पूजेआधी तो काढून तिथी बघायची. आलागेला मान वाकडी करूनच बघतो, सरळ उभ्या असलेल्या पंचांगाकडंही. सवय.

मुलानं बंगळुरूहून विचारलं, "बाबा, टॅब पाठवू का नवा?" नाना म्हणाले, "त्याला बिजागरी असते का?"

दुरुस्तीसाठी वीज जाते त्या गुरुवारी लॅपटॉप जागीच बंद पडतो. वीज आली की जिन्यात नानांच्या चपला वाजतात. वर पडद्यावर अँड्रॉइडची अक्षरं चमकत असतात, सावकाश, घाट चढणाऱ्या गाडीसारखी. नाना कठड्यावरून माझ्या दाराकडं वाकून ओरडतात, "लागली रे गाडी!"

मी हातातलं काम ठेवून वर जातो. आज द्वादशी असते.