मोटरआण्णा

करजगीत नव्या घराचा स्लॅब पडून वर पाणी मारायला सुरुवात झाली, की मोटरआण्णा न बोलावता येतो. कमरेला पान्हा, खिशात टेस्टर, कानावर अर्धी बिडी. त्याचं खरं नाव काहीही असो, अफझलपूर तालुक्यात भीमेकाठच्या कुठल्याही गावात हे पद रिकामं राहत नाही. घरधनी मराठी बोलला तर आण्णा मराठीत बोलतो, कन्नड बोलला तर कन्नडमध्ये. पण मोटरीचा विषय निघाला की दोन्ही भाषा गप्प होतात आणि एच.पी.ची भाषा सुरू होते. संप किती खोल, टाकी किती उंच, घरात माणसं किती, यातलं काहीही न विचारता तो चपला काढता काढताच निकाल देतो: "दोनची टाका की. मागून तक्रार नको." सोयरिकीच्या बैठकीत तोळे विचारावेत तसे तो एच.पी. विचारतो. शेजाऱ्याची एकची असेल तर आपली दीडची हवी, एवढंच त्याचं जलशास्त्र.

आता आण्णाची बाजू आधी मान्य करू. पंप बसवण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नाही. वाद आहे तो पंप निवडण्याचा. पाण्याला घोडे दिसत नाहीत, त्याला फक्त उंची कळते. दहा मीटर उंचीचं पाणी तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब देतं. गच्चीवरची टाकी न्हाणीघरातल्या शॉवरच्या अडीच मीटर वर असेल तर शॉवरला मिळतो पाव किलो. सोलापूरच्या लॉजवर एकदा जोरदार शॉवर अंगावर घेऊन आलेल्या घरधन्याला मग स्वतःचा शॉवर गोमूत्र शिंपडल्यासारखा वाटतो, आणि तो आण्णाला हाक मारतो. खरं तर आपल्याच मुलखात हा धडा फार जुना आहे. बीदरजवळ नौबादला बहमनी काळातली कारेझ आहे, जमिनीखालून उतारानं पाणी नेणारा बोगदा आणि त्यावर उभ्या विहिरींसारखी तोंडं. ती खोदणाऱ्यांनी उताराचा हिशोब बिनचूक केला म्हणून पाणी आपल्या पायांनी चालत शहराकडे गेलं. तिथे एखादा आण्णा असता तर त्यानं बोगदा पाहून आधी "किती एच.पी.?" असंच विचारलं असतं. उलटही पाहा. जमिनीवर ठेवलेला मोनोब्लॉक पाणी वर ओढतो असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात बाहेरची हवा ते खालून वर ढकलते, आणि हवेचं बळ दहा मीटरच्या आसपास संपतं. पाइप, फुटव्हॉल यांची घट धरली तर व्यवहारात सात-आठ मीटर. त्याच्या खालच्या पाण्यासाठी वर दहा एच.पी.चा मोनोब्लॉक ठेवला तरी तो नुसता गुरगुरत बसेल. तिथे मोटरच पाण्यात उतरवावी लागते.

मग घराला लागतं किती? जलजीवन मिशननं माणशी दिवसाला 55 लिटर धरले आहेत. पाच माणसांचे 275 होतात. धुणंभांडी, म्हैस आणि आलेगेले धरून 500 म्हणा. संपातून गच्चीवर चढवायला अर्ध्या एच.पी.ची बरी मोटर हे काम अर्ध्या तासाच्या आत उरकते. उरलेले साडेतेवीस तास दोन एच.पी.च्या मोटरीनं काय करायचं, याचं उत्तर आण्णाकडे नाही.

पण त्याच्या शास्त्राची खरी परीक्षा होते ती शॉवरला जोर यावा म्हणून मोटरीला जोडलेल्या प्रेशर टँकपाशी. या लाल लोखंडी गोळ्याला तो मनातून फुगा समजतो. "यात हवा हाय म्हणून पाणी जोरात येतंय," असं सांगून तो त्यावर दोन थापा मारतो, कलिंगड पिकलंय का पाहावं तशा. वास्तविक दाब मोटर देते. टाकीचं काम मोटरीला विश्रांती देण्याचं. आत रबराची पिशवी, पिशवीत पाणी, भोवती दाबलेली हवा. मोटर बंद असतानाही ही हवा पाणी नळाकडे ढकलत राहते. समजा दीड किलोला मोटर सुरू आणि अडीच किलोला बंद असं बटण लावलंय. अशा वेळी 24 लिटरच्या टाकीतून मोटर न लागता मिळणारं पाणी साधारण 6 लिटर. म्हणजे तांब्याभर पाणी घेतलं तर मोटर झोपलेलीच राहते. आता गंमत पाहा. मिनिटाला 30 लिटर देणारी लहान मोटर ते 6 लिटर बारा सेकंदांत भरते. मिनिटाला 120 देणारी मोठी तीन सेकंदांत भरते आणि बंद पडते, नळ उघडा असला की पुन्हा उठते, पुन्हा बंद. दर सुरुवातीला मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट खाते, आणि वायंडिंग जळतं ते या उठाबशांनी. म्हणजे मोटर मोठी घेतली तर टाकीही मोठी घ्यावी लागते. आण्णा मात्र मोटर दोनची सुचवतो आणि उरलेल्या पैशांत मावेल ती टाकी. वर्षभरात मोटर जळाली की म्हणतो, "कंपनीचा माल पहिल्यासारखा राहिला नाही." पुढची मोटर तीनची.

त्याचा बिनतोड वाटणारा मुद्दा व्होल्टेजचा. उन्हाळ्यात लाईट ढिली येते, लहान मोटर घुमते, फिरत नाही. म्हणून मोठी हवी. हे ऐकायला पटतं. पण व्होल्टेज 230 वरून 180 वर आलं की मोटरीचा सुरुवातीचा जोर सहा-दशांशावर येतो, आणि हे लहान-मोठ्या दोघींनाही सारखंच लागू. मोठी उलट त्याच बारीक वायरीतून जास्त करंट ओढते आणि उरलंसुरलं व्होल्टेजही खाली आणते. शेजारच्या घरातला पंखा मंद होतो ते वेगळंच. दुसरा मुद्दा बोअरचा: पाणी खाली गेलं तर? खाली गेलं तर जास्त उंचीवर पाणी चढवणारी मोटर हवी, जास्त पाणी ओतणारी नव्हे. आपल्या काळ्या खडकाच्या फटींतून पाणी स्वतःच्या चालीनं झिरपतं. मोठ्या मोटरीनं ते लवकर येत नाही, बोअर तेवढा लवकर कोरडा होतो आणि मोटर हवा पिऊन तापते. तिसरा मुद्दा लग्नकार्याचा. गाणगापूरला निघालेले पाहुणे वाटेत घरी उतरले की पाणी पुरणार कसं? त्याला साठवण हवी. हजार लिटरची आणखी एक टाकी मांडली की अख्खी वरात आंघोळ करून जाईल.

एवढं सगळं मांडूनही पुण्याहून सुट्टीला आलेल्या इंजिनिअर जावयाच्या हाती निवड सोपवा असं मी म्हणणार नाही. त्याला आकडे येतात, पण एअर धरलेली मोटर रात्री अकराला कोण सोडवणार? तिथे आण्णाच येतो, बॅटरी तोंडात धरून संपात उतरतो आणि चहावर काम करून जातो. दुकानात जाताना मात्र त्याला घरी बसवा. मीटरमध्ये उंची आणि दिवसाचे लिटर चिठ्ठीवर लिहून न्या, आणि मोटरीच्या पाटीवर एच.पी.च्या शेजारी छापलेले हेड आणि डिस्चार्ज हे दोन आकडे वाचा. प्रेशर टाकी बसली की दर तीन-चार महिन्यांनी मोटर बंद करून, नळ उघडून ती रिकामी करा आणि हवा मोजा: मोटर दीड किलोला सुरू होत असेल तर हवा 1.3 किलो, म्हणजे सुमारे 19 पौंड हवी. टाकीच्या मागच्या टोकाला प्लॅस्टिकच्या टोपणाखालचा व्हॉल्व्ह मोटरसायकलच्या ट्यूबचाच असतो. पंक्चरवाल्याचा गेज त्याला चपखल बसतो.